बोटभर मागे

"अगं अगं, ओलं फडकं लावू नगंस तिला!"

आक्का न्हाणीतून ओरडल्या तशी मी दचकून हात मागे घेतला. लग्न होऊन मी साळोख्यांच्या घरी आले त्याच आठवड्यातली गोष्ट. सोप्यात भिंतीला टेकवलेल्या ह्यांच्या गिटारवर धूळ दिसली म्हणून नव्या सुनेच्या उत्साहात मी ती पुसायला घेतली होती. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेल्या, आणि ह्यांना आईच्या जागी. त्या लगबगीने आल्या, माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि आपल्या कोरड्या पदराने गिटारची लांब दांडी पुसायला लागल्या.

"शालनच्या बांगड्या हाईत ह्यात," त्या म्हणाल्या.

शालन म्हणजे ह्यांची पहिली बायको. ती गेल्यावर दोन वर्षांनी माझं लग्न झालं. बिजवराला दिलं म्हणून माझ्या आईने डोळ्यांना पदर लावला होता, पण मी नाही. पोरगा टर्नर आहे, निर्व्यसनी आहे, ऑर्केस्ट्रात वाजवतो, हे ऐकून मी खूश होते. माझे वडील कागलला भजनी मंडळात पेटी वाजवायचे, त्यांनी मलाही पेटी शिकवली होती. सुराची आवड असलेलं घर मिळतंय, आणखी काय पाहिजे, असं मला वाटलं होतं. घरात अजून एक बाई राहते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बेस गिटार मी तोवर जवळून पाहिली नव्हती. चार जाडजूड तारा आणि हातभर लांब दांडी. साध्या गिटारच्या दांडीवर धातूचे आडवे पडदे ठोकलेले असतात, तसे हिच्यावर एकही नव्हते. नुसती गुळगुळीत शिसवी पट्टी. आणि त्या पट्टीत, पडदे असायच्या जागी, काडीएवढ्या जाडीच्या हिरव्या रेषा. आक्कांनी पदर फिरवला तशा त्या उजेडात लकाकल्या.

"उत्तमला ही मुंबईच्या एका गोवेकरानं दिलेली," आक्का सांगायला लागल्या. "त्याला बोटीवर नोकरी लागली, जाताना देऊन गेला. परदेशातली जुनी वस्तू. पडदे पार झिजलेले. कोल्हापुरात तसलं कुठं मिळतंय? मग उत्तमनं पडदे उपटून टाकले आणि वर ही नवी पट्टी चिकटवली. आता बोट कुठं ठेवायचं ते कळावं कसं? तर शालननं रेघा भरल्या. वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे डब्यात जपून ठेवायची बाई. खलबत्त्यात कुटल्या, चिकटवायच्या मसाल्यात कालवल्या आणि एकेक खाच आपल्या हातानं भरली. पुढच्याच महिन्यात कावीळ झाली आणि गेली. हिरव्या चुड्यात गेली, भाग्याची."

बोलता बोलता त्यांनी माझ्या गळ्यातल्या चांदीच्या टाकाकडे बघून हात जोडले. तो टाकही शालनचाच. आमच्याकडे दुसरेपणावर दिलेल्या बाईला पहिलीचा टाक गळ्यात घालावा लागतो, तिचा आत्मा शांत राहावा म्हणून. नवीन लुगडं आधी तिच्या नावाने देवापुढे ठेवायचं, मग नेसायचं. सणाचं पहिलं पान तिला. ह्या सगळ्याची मी तयारी ठेवली होती. पण माझ्या गळ्यात ती आहेच, आता ह्यांच्या गिटारच्या गळ्यातही तीच, हे काही मला झेपलं नाही. त्या दिवशी आमटीत मीठ घालायचं मी विसरले, आणि आक्का म्हणाल्या, शालनच्या हातच्या आमटीला कधी वरून मीठ घ्यावं लागलं नाही.

ह्यांच्याबद्दल तक्रार करावी असं काही नव्हतं. उद्यमनगरातल्या कारखान्यातून येताना माझ्यासाठी गजरा आणायचे. कधी आवाज चढवला नाही. शालनचं नावसुद्धा काढायचे नाहीत, आणि मला तेच खुपायचं. जी बाई खरोखर मागे पडते तिच्याबद्दल माणूस सहज बोलतो, असं माझं मत होतं. संध्याकाळी हे सोप्यात बसून सराव करायचे. गिटार मांडीवर घेतली की पहिल्यांदा त्या रेषांवरून अंगठा फिरवायचे, आणि मग डोळे मिटायचे. जेवायला वाढलंय म्हणून हाक मारली तरी डोळे उघडायचे नाहीत.

पहिला कार्यक्रम मी पाहिला तो शाहूपुरीतल्या एका गणेश मंडळापुढचा. पोवार मास्तरांचा ऑर्केस्ट्रा तेव्हा कोल्हापूर-सांगलीकडे चांगला गाजत होता. संध्याकाळचे दिवे लागले होते, बायका पुढे सतरंजीवर बसल्या होत्या. मी नवी साडी नेसून, आधी ती शालनपुढे ठेवून, मग नेसून, अगदी समोर बसले होते. मला वाटलं होतं, हे एकदा तरी माझ्याकडे बघतील. निळा कोट घातलेला, केस नीट बसवलेले, दिसतही छान होते.

वाजवायला सुरुवात झाली आणि ह्यांनी डोळे मिटले. दिव्यांचा झोत गिटारवर पडला आणि त्या हिरव्या रेषा पार मागच्या रांगेतून दिसतील अशा चमकायला लागल्या. माझ्या मागे दोघी बायका बोलत होत्या. मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं.

"ते बघ, शालनचा नवरा. रेघा दिसल्या का? तिच्या बांगड्या."

"आणि डोळं कसं मिटल्यात बघ. अजून तिलाच बघतोय बिचारा."

"दुसरी केली म्हणं."

"केली आसंल. घर चालवायला पायजे की कोणतरी."

माझ्या अंगाचा भडका उडाला. उठून त्या बाईला चार शब्द सुनावावेत असं वाटलं, पण काय सुनावणार? ती बोलली ते मला रोजच दिसत होतं. मी तशीच बसून राहिले आणि ह्यांच्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत राहिले. त्या पापण्यांच्या आत ती हिरव्या चुड्यात उभी असणार, आणि मी बाहेर सतरंजीवर. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही हे किती वाईट असतं ते ज्यांच्यावर आलंय त्यांनाच कळेल.

असं वर्ष गेलं. मग ऑर्केस्ट्रात इचलकरंजीची एक नवी गाणारी मुलगी आली, वंदना म्हणून. आधीचा गायक ठरल्याप्रमाणे गाणं म्हणायचा. ही लोकांचा रंग बघून गायची. टाळ्या पडल्या की हाताने खूण करून मुखडा पुन्हा घ्यायची, कधी कडवंच गाळायची. बाकीचे वादक तिच्या हाताकडे बघत असायचे. ह्यांचे डोळे मिटलेले.

जयसिंगपूरच्या कार्यक्रमात व्हायचं तेच झालं. वंदनाने मुखड्याची खूण केली, सगळे वळले आणि हे एकटेच कडव्यात शिरले. बेस चुकला की सगळ्या गाण्याच्या पायाखालची जमीन सरकते. मुलगी गाता गाता थांबली. लोक हसले, कुणीतरी शिट्टी मारली. ह्यांनी डोळे उघडले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. झोपेतून उठवलेल्या माणसासारखा झाला होता.

पोवार मास्तर मागे, पडद्याजवळ, ह्यांना म्हणाले ते मी डबा द्यायला गेले होते तेव्हा कानांनी ऐकलं. "उत्तमराव, तुमच्यासारखा हात कोल्हापुरात नाही. पण डोळे उघडून वाजवा. पुढचा कार्यक्रम राजारामपुरीत आहे, मोठा आहे. तिथंबी डोळे मिटणार आसाल तर मी दुसरा माणूस बघतो. वाईट वाटून घेऊ नका."

ह्यांनी नुसती मान हलवली.

त्या दिवशी मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण खरं सांगायचं तर त्या वाईट वाटण्याखाली एक उकळी होती. बघा, तुमची शालन तुमचं काय करतेय ते बघा, असं मला ओरडून म्हणावंसं वाटत होतं. गिटार त्यांच्या जिवाची होती. कारखान्यात ते दिवसभर लोखंड कातायचे ते संध्याकाळच्या त्या दोन तासांच्या आशेवर. ते गेलं असतं तर माणूस सुकून गेला असता. आणि तरी ते डोळे उघडायला तयार नव्हते, तिच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेले. आक्का अंबाबाईला गेल्या. घरात मी आणि ती, दोघीच. मी गिटार भिंतीपासून उचलून मांडीवर घेतली. जड होती. म्हटलं, बघू तरी ह्या बाईने असं काय देऊन ठेवलंय. सगळ्यात बारीक तारेवर, पहिल्याच हिरव्या रेषेवर बरोबर बोट दाबलं आणि तार छेडली. विजेच्या पेटीशिवाय बेसचा आवाज बारीक येतो, म्हणून मी लाकडाला कान लावला.

काहीतरी खटकलं.

मी माहेरून आणलेली पेटी काढली. नुसती तार छेडली तर ती पांढरी पाचशी अगदी मिळत होती. म्हणजे तार उतरलेली नव्हती. पहिल्या रेषेवर काळी चार यायला पाहिजे. मी रेषेवर बोट ठेवलं आणि काळी चार दाबली. सूर खाली होता. थोडासा नाही, चांगलाच. दुसऱ्या रेषेवर गेले, तीच गत. तिसऱ्या, चौथ्या, सगळ्या रेषांवर सूर उतरलेला. बोट रेषेच्या पुढे, एक बोटभर पुढे सरकवलं की मात्र लख्ख पेटीसारखा लागायचा. दुसऱ्या तारेवर तेच, तिसरीवर तेच. सगळ्याच्या सगळ्या रेषा बोटभर मागे पडल्या होत्या.

माझी सवत बेसूर होती!

मी गिटार खाली ठेवली आणि एकटीच हसले. लग्न झाल्यापासून इतकं मोकळं मी हसले नव्हते. शालनची आमटी कधी अळणी नव्हती, शालनच्या पोळीला पदर सुटायचे, शालनने दारातली तुळस कधी सुकू दिली नाही. पण शालनच्या रेषा चुकल्या होत्या, आणि ते ह्या घरात फक्त मला माहीत होतं. संध्याकाळी मी गोडाचा शिरा केला. आक्का म्हणाल्या, "आज काय हाय?" मी म्हटलं, "काय न्हाई, असंच." हातात आलेलं हे शस्त्र मला लगेच वापरायचं नव्हतं. जरा जवळ बाळगून बघायचं होतं.

ते फार दिवस जवळ राहिलं नाही. रविवारी जेवताना आक्कांनी पोवार मास्तरांचा विषय काढला. जयसिंगपूरचं प्रकरण त्यांच्या कानावर आलं होतं.

"त्या पोवाराला सांग," त्या ह्यांच्या पानात भाकरी वाढत म्हणाल्या, "म्हणावं, माझा भाऊ डोळं का मिटतो ते तुला कळायचं न्हाई. तुला बायको काय आसती ते ठावं हाय का? ती पोरगी मरणाच्या आधी एवढं करून गेली. आपल्या हातानं, एकेक रेघ—"

"चुकीच्या हाईत," मी म्हणाले.

"काय?"

"रेघा. सगळ्या चुकीच्या जागी हाईत. मी पेटीवर लावून बघितल्या. एक सुदीक बरोबर न्हाई."

आक्कांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मी ह्यांच्याकडे बघत होते. आता चिडतील, आता ताटावरून उठतील, गिटारला हात का लावलास म्हणतील. मी त्या भांडणाला वर्षभर थांबले होते. मला ते भांडण हवं होतं.

हे घास चावत होते. तो गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बोटभर मागं हाईत. मला माहीत हाय."

"माहीत हाय?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"पहिल्या दिवसापासनं."

"मग डोळं मिटता ते?" मी विचारलं. "ते कशाला मिटता?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी अगदीच सोपं काहीतरी विचारलंय. "उघडं ठेवलं की नजर रेघेवर जाती. नजर गेली की बोटबी तिथंच पडतंय. बेसूर हुतं. मग मिटून घेतो. कानानं बरोबर सापडतंय."

मी तोंड उघडं टाकून बसले. शाहूपुरीतल्या त्या सतरंजीवर मी जळत होते, रोज संध्याकाळी चुलीपाशी जळत होते, आणि हा माणूस डोळे मिटत होता तो तिला बघायला नाही, तिच्या रेघा दिसू नयेत म्हणून! हसावं की रडावं ते कळेना. आक्का तर हबकूनच गेल्या होत्या.

"आरं, पण शालन एवढी हुशार," त्या म्हणाल्या, "चुकंल कशी?"

"ती एकटी चुकली न्हाई, आक्का. मीबी चुकलो. दोघं चुकलो." त्यांनी उष्टा हात ताटाच्या काठावर ठेवला. "पडदे काढायच्या आधी ती माझ्यासमोर येऊन बसायची. दांडीला कागदाची पट्टी लावली आणि मला म्हणाली, तुम्ही नेहमीसारखं वाजवा. मी वाजवायचो आणि ती माझं बोट कुठं टेकतंय ते बघून पेन्सिलीनं खूण करायची. आठवडाभर हेच चाललं हुतं. मग त्याच खुणांवर मी खाचा पाडल्या, तिनं भरल्या."

"मग बरोबरच की," आक्का म्हणाल्या.

पण मला कळलं होतं. पडद्याच्या गिटारवर बोट पडद्याच्या मागे टेकतं आणि सूर पडद्यावर निघतो. पडदा गेला की सूर बोटाखालीच निघतो. तिने सुराची जागा मांडली नव्हती, बोटाची जागा मांडली होती. सगळ्या रेषा तिथेच होत्या जिथे ह्यांची बोटं खरोखर पडायची, त्या आठवड्यात, ती समोर बसलेली असताना.

"वाजवून बघितलं तवा कळालं," हे पुढे म्हणाले. "तोवर ती अंथरुणाला खिळली हुती. डोळं पिवळं झालेलं. मला म्हणाली, बरोबर आल्या का? मी म्हणालो, एकदम बरोबर. आता पुसायच्या म्हणजे तिला खोटं पाडायचं. म्हणून ऱ्हाऊ दिल्या."

आक्कांनी पदर तोंडाला लावला. आणि माझं काय झालं असेल? मला वाटलं होतं, खरं कळलं की माझ्या पोटातली आग विझेल. ती विझली नाही, दुप्पट झाली. इतके दिवस मी तिच्या बांगड्यांवर जळत होते. आता मी तिच्या बघण्यावर जळायला लागले. ती बाई आठवडाभर ह्या माणसाच्या बोटांकडे बघत बसली होती, आणि मी वर्षभर ह्याच्या बोटांकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. मी फक्त रेषा बघत होते. शालनलाच बघत होते मी पण.

मी ताट तसंच ठेवून उठले आणि परसात जाऊन उभी राहिले. बराच वेळ गेला. मग आत आले, पेटी काढली, सोप्यात ठेवली आणि ह्यांना हाक मारली.

"अहो, गिटार घ्या आणि इथं बसा."

"कशाला?"

"बसा म्हणते ना. रेघा ऱ्हाऊ देत तिच्या. दांडीच्या वरच्या कडेला जागा हाय की. तिथं ठिपके करू. वाजवताना कड तुमच्या तोंडाकडंच आसती."

त्यांनी डोळे बारीक केले. "ते मला सुचलं हुतं."

"मग का केलं न्हाई?"

"एक हात तारेवर, एक पेटीवर, आणि खूण करायला तिसरा आणू कुठनं? आणि ऐकणारा कान लागतो दुसरा." मग हळूच म्हणाले, "आणि कुणाला सांगणार, की तिच्या रेघा चुकल्यात म्हणून?"

"मला सांगायचं की."

"तुला तिचं नाव काढलेलं आवडत न्हाई."

हे ह्या माणसाला माहीत होतं! मी रागाने लाल झाले आणि पेटीचा भाता जोरात ओढला. तो जोर कशाचा होता ते त्यांना कळलं असावं, कारण गालातल्या गालात हसत ते समोर बसले.

मी पेटीवर सूर धरायचा. ह्यांनी डोळे मिटून तारेवर बोट सरकवत तो सूर शोधायचा. बोट बरोबर लागलं की मी म्हणायचं, "थांबा," आणि कडेला पेन्सिलीने टिंब काढायचं. त्या दुपारी पहिल्यांदा मी त्यांची बोटं पाहिली. तर्जनीच्या पेरावर कारखान्यात भाजल्याचा पांढरा डाग होता. करंगळी जरा वाकडी. सूर सापडला की अंगठा दांडीच्या मागे एकदा टकटक करायचा, हेसुद्धा मला तेव्हाच कळलं. शालनला हे नक्की माहीत असणार, असं मनात आलंच. आलं तर आलं.

सगळ्या खुणा झाल्यावर ह्यांनी हाताच्या बारीक ड्रिलने कडेला भोकं पाडली. "आता ह्यात काय भरायचं?" म्हणाले. मी माझ्या हातांकडे बघितलं. सासरच्या हिरव्या बांगड्यांच्या मध्ये माझ्या आईने भरलेली एक डाळिंबी बांगडी होती. मी ती काढली, पाट्यावर ठेवली आणि वर वरवंटा टेकवला.

"अगं ए!" आक्का दारातून किंचाळल्या. "सवाष्णीनं बांगडी फोडायची नसती!"

"फोडली न्हाई, आक्का," मी म्हणाले. "वाढवली."

आक्का बघत राहिल्या. मग चरफडत आत गेल्या आणि देवापुढचा हळदी-कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. आधी माझ्या कपाळाला लावलं, मग पाट्यावरच्या त्या लाल तुकड्यांना. मला वाटलं आता गिटारलाही लावतील, पण तेवढं त्यांनी सोडलं.

राजारामपुरीच्या कार्यक्रमाला मी पुन्हा पुढच्या सतरंजीवर बसले. वाजवायला सुरुवात करताना ह्यांनी सवयीने रेषांवरून अंगठा फिरवला, आणि आता डोळे मिटतात की काय म्हणून मी त्यांच्या पापण्यांकडे बघत राहिले. वंदना गायला लागली. ह्यांचे डोळे उघडे होते. नजर एकदा दांडीच्या कडेकडे जायची, एकदा वंदनाच्या हाताकडे. तिने मुखड्याची खूण केली, हे बरोबर वळले, पोवार मास्तरांनी मागून मान डोलावली.

दिव्याचा झोत पडला तशा त्या हिरव्या रेषा लकाकल्या. माझ्या शेजारची बाई मला कोपराने ढोसून म्हणाली, "ते बघा की हो, त्याच्या पहिल्या बायकोच्या बांगड्या हाईत म्हणं त्या. कशा चमकतायत!"

"व्हय की," मी म्हणाले. "छान दिसतात."

सगळ्या मांडवाला ती दिसत होती. कडेचे ठिपके मांडवातल्या कुणालाच दिसत नव्हते. तसे ते वाजवणाऱ्यालाच दिसतात. दुसऱ्या कडव्यानंतर ह्यांनी एकदा मान वर केली आणि मला शोधलं. मी सापडल्यावर पुन्हा खाली कडेकडे बघितलं. खुशीत मी त्या शेजारच्या बाईला माझ्याकडचा अख्खा पानाचा विडा देऊन टाकला.

ह्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. पोवार मास्तर गेले, ऑर्केस्ट्रा गेला, वंदनाला नातवंडं झाली. हे गेल्या श्रावणात गेले. आजारी पडले तेव्हा गिटार खाटेशेजारी ठेवायला लावली होती. दहाव्या दिवशी गल्लीतल्या बायका आल्या. हल्ली बरंच बदललंय, कुणी जबरदस्ती करत नाही. पण मीच म्हणाले, जे आहे ते होऊ दे. आक्का आता पार वाकल्यात, दिसतं कमी. त्याच पुढे झाल्या. "कुणी फोडायच्या न्हाईत, मी काढते," म्हणाल्या, आणि माझा हात मांडीवर घेऊन साबणाच्या पाण्याने एकेक बांगडी सोडवायला लागल्या.

माझ्या डोळ्यांसमोर शालन होती. ती हिरव्या चुड्यासकट गेली. तिथेही तिनेच मला मागे टाकलं. इतक्या वर्षांनी, त्या दिवशीसुद्धा, माझ्या मनात तेच आलं. मला तिचा हेवा वाटला, आणि मी तो वाटू दिला.

दोन्ही हात रिकामे झाले. एक बाई हळूच म्हणाली, "झाल्या का सगळ्या?"

आक्का चाचपडत उठल्या, भिंतीशी गेल्या, गिटारच्या दांडीवर हात ठेवला. हिरव्या रेषा ओलांडून त्यांचं बोट वरच्या कडेवर आलं आणि एकेका ठिपक्यावरून सरकत गेलं.

"सगळ्या कुठं झाल्यात?" त्या म्हणाल्या. "ह्या ऱ्हायल्यात की. ह्या कुणाच्या बानं निघायच्या न्हाईत."